लांबट भाकरी

म्हसरूळच्या अक्काबाईला दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक, तिच्या हातची भाकरी. वर ताटली उपडी घालून बघा, काठ कुठं बाहेर यायचा नाही. दुसरी, नातू स्वराज. तोही तसाच, सगळीकडून सारखा.

"स्वराजचं मी जमवते. तुम्ही फक्त अक्षता आणा," तिनं घरात सांगून टाकलं.

देवळ्याच्या हिरामणअण्णांनी आपल्या रोशनीसाठी मुलाचा फोटो मागितला. अक्काबाई स्वराजला म्हणाली, "फोटोत काय कळतं? मी भाकरी थापते, तू शेजारी उभा राहा, व्हिडिओ काढ. घराणं एका नजरेत दिसलं पाहिजे."

स्वराजनं मामाचा जुना कॅमेरा आणला, व्हिडिओ काढला, कॉम्प्युटरवर कापला-जोडला, गाणं लावलं आणि पाठवून दिला. मग टीव्हीवर घरच्यांना दाखवला. पडद्यावर चुलीशेजारी शेवग्याच्या शेंगेसारखा एक पोरगा उभा.

"हा कोण रे उंचापुरा?"

"मीच, आजी. चुकलंय जरा. ह्या कॅमेऱ्यात चित्राचे ठिपके आडवे असतात. व्हिडिओ बाहेर काढताना ते कॉम्प्युटरला सांगावं लागतं. मी विसरलो, त्यानं सगळे ठिपके चौकोनी धरले. म्हणून चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं."

"म्हंजे मी शंकरपाळे लांबट कापले, न् तू चौकोनी समजून डबा अरुंद घेतला."

"तसंच. पाच मिनिटांत नीट करतो."

"हात लावून तर बघ. जिमला जाऊन जे झालं नाय, ते ह्या ठिपक्यांनी केलं."

दुसऱ्याच दिवशी हिरामणअण्णांचा फोन आला. "मुलगा पसंत हाय, अक्का. उंची लय झ्याक. फक्त आमच्या बहिणीनं एक विचारलंय." अण्णा खाकरले. "तुमच्याकडं भाकरी लांबट थापतात का?"

अक्काबाई गप्प झाली. दाढ उपटताना डॉक्टरला जे जमलं नव्हतं, ते रोशनीच्या आत्याबाईला जमलं. फोन ठेवून ती स्वराजकडं वळली. "नीट कर तो व्हिडिओ."

"आजी, मग मीही रुंद होईन." रोशनीचा हसरा फोटो स्वराजनं मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवला होता.

"हो की. पोरी ढीग मिळतील. माझ्या भाकरीला देवळ्यात नावं ठेवली तर मी तोंड कुठं दाखवू?"

स्वराजनं ठिपके आडवे केले. भाकरी गोल झाली, तोही गोल झाला. जड मनानं त्यानं व्हिडिओ पाठवला. तिकडून काहीच उत्तर येईना. अक्काबाई कबूल करत नव्हती, पण प्रत्येक भाकरीमागं एकदा मोबाइलकडं बघत होती. शेवटी रोशनीचाच निरोप आला, "रविवारी घर बघायला येतो."

रविवारी मंडळी आली. हिरामणअण्णांनी स्वराजकडं आधी खालून वर पाहिलं, मग डावीकडून उजवीकडं पाहिलं. अक्काबाईनं पदर खोचला.

"या सगळे चुलीपाशी. तुमच्या डोळ्यांदेखत थापते."

चार मोबाइल पुढं आले. आत्याबाई तर परातीत पडायच्या बेतात होती. अक्काबाई थापत होती, बोलत होती आणि कोण कोण बघतंय हे मान वर करून बघत होती. भाकरी तव्यावर पडली. चांगली जोड्याच्या तळव्यासारखी लांब.

रोशनी तव्यावर वाकली. "म्हणजे आजी, पहिला व्हिडिओच बरोबर होता की."

आत्याबाईनं तोंडाला पदर लावला. स्वराज घाईनं म्हणाला, "नाही, त्यात मी..."

"तुम्ही दुसऱ्यातले. मला दुसराच आवडला," रोशनी म्हणाली आणि लाजून ताटं घ्यायला वळली.

अण्णा मोकळेपणानं हसले. साखर वाटली गेली. गडबडीत अक्काबाईनं ती भाकरी गुपचूप दुमडून स्वराजच्या ताटात सारली आणि अण्णांच्या जवळ सरकली.

"अण्णा, आता काढलेले ते व्हिडिओ गावात दाखवायच्या आधी आमच्या स्वराजकडं द्या. ठिपके जरा आडवे करायचेत."