समुद्रावर न्यायचं घर

मारुतरावांचं घर खुटबावात होतं, पण गेले सहा महिने ते राहत होते मोबाईलमध्ये. तिथे समुद्राच्या कडेला चाकावरचं एक घर उभं असे. खिडकीतून पाणी दिसे, पडदे हलत आणि कस्तुराबाई हातात चहा आणून देत. स्वप्नातसुद्धा चहा कस्तुराबाईच करत, हे मारुतरावांना कधी खटकलं नाही.

कस्तुराबाईंचं स्वप्न त्या मानानं लहान होतं. "मला समुद्र बघायचाय," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "निवांत. कुणी हाक मारायची न्हाई." यातला समुद्र तेवढा नवऱ्याच्या लक्षात राहिला.

शेवटी त्यांच्या मुलानं, रविराजनं, मनावर घेतलं. त्याचा मित्र सत्यजीत शिरूरला शेडमध्ये अशी घरं बांधायचा. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं दोन नमुने अंगणात आणून लावले. एक मोटारहोम, म्हणजे इंजिन आणि घर एकाच अंगाचं. दुसरा ट्रेलर, म्हणजे नुसतं घर, जीपला मागं जोडून न्यायचं.

"चार दिवस ठेवा, आबा. पसंत पडंल ती घेऊन समुद्रावर जाऊन या. दुसरी मी नेतो माघारी."

"उद्या सकाळी सातला निघायचं!" मारुतरावांनी जाहीर केलं. कस्तुराबाईंनी लगेच पिशवी भरली.

पण मारुतरावांनी आयुष्यात बैलसुद्धा चार माणसांना दाखवल्याशिवाय घेतला नव्हता. गावात चार माणसं बोलावली की चाळीस येतात, आणि अंगणात पाय ठेवलेला माणूस बिनचहाचा जात नाही. शनिवारी सातच्या आधीच शेजारचा जालिंदर मोटारहोममध्ये उड्या मारून स्प्रिंगचे पाटे तपासत होता.

"पाटं टाइट हायती, आबा. पन इंजिन बिघडलं की घर बी ग्यारेजात. मग तुमी झोपनार कुठं?"

मारुतराव ट्रेलरकडे वळले. तिथे म्हस्कूआप्पा काठी टेकून उभे.

"ही तर उसाची ट्रॉली! रिव्हर्स घ्याया लागलास की तू एकीकडं आन् घर एकीकडं."

मारुतराव परत मोटारहोमकडे वळले. आतून नाकाला पदर लावून धुरपदाकाकू उतरल्या.

"भावजी, संडास आन् शेगडी शेजारीशेजारी? कस्तुराच्या हातचं कोन खाईल?"

"ट्रेलरमध्ये बी तसंच हाय, काकू."

"मग दोन्ही बी नगं."

प्रत्येक सल्ल्यामागून मारुतरावांची हाक जाई, "अगं, च्या टाक!" सातचे बारा झाले, बाराचे पाच झाले. रविवारी राहू गावची भावकी जीप भरून आली. भांडगावहून एक पाहुणे आले. त्यांनी हायवेला अशी गाडी जाताना पाहिली होती, म्हणून त्यांना तज्ज्ञ मानण्यात आलं. मारुतराव मधूनच मोटारहोमच्या स्टिअरिंगवर बसून डोळे मिटत आणि त्यांना लाटा ऐकू येत. आत कस्तुराबाईंना फक्त पातेल्यातल्या दुधाचा आवाज येत होता.

दुपारी अंगण पुरेना म्हणून बैठक देवळासमोर हलली. हात वर करून मतदान झालं. सतरा मोटारहोमला, सतरा ट्रेलरला.

"मालकिनीला इचारा की!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळा जथा घरी आला. अंगणात एकटी मोटारहोम उभी होती. तेवढ्यात रविराज मोकळा ट्रॅक्टर घेऊन आला.

"ट्रेलर कुठाय रं?"

"आईसकट शेततळ्यावर सोडला. ती म्हनली, सोड."

मारुतराव उसातल्या वाटेनं एकटेच गेले. तळ्याच्या बांधाखाली ट्रेलर उभा होता. वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या, त्यांवर तिरपं ऊन सांडलं होतं आणि खिडकीत पडदे हलत होते. मोबाईलमध्ये दिसायचं अगदी तसंच. पायरीवर कस्तुराबाई बसल्या होत्या, नव्या लुगड्यात, रिकाम्या हातांनी. त्यांना असं रिकामं बसलेलं मारुतरावांनी कधी पाहिलंच नव्हतं. मारुतरावांना फार वाईट वाटलं.

"मला सांगायचंस की गं."

"चार मानसांत माझा बी नंबर लागंल म्हनून थांबले व्हते."

मारुतराव खाली गवतात टेकले. मग हळूच म्हणाले, "तुला कुठली पसंत?"

"हीच."

"रिव्हर्सला तरास देती म्हनं."

"देऊ द्या. त्या गाडीत चालवनारा आतच बसून ऱ्हातो. ही सोडून ठेवता येती, आन् वढनाऱ्याला घरी धाडता येतं."

मारुतराव खो खो हसले. कस्तुराबाई हसत नाहीत हे बघून थांबले.

"मी बी थांबू का?"

"परवा या, जीप घेऊन. मग जाऊ समुद्रावर. दोघंच."

मारुतराव घरी परतले तेव्हा सगळे वाट बघत होते.

"काय ठरलं?"

"ट्रेलर."

"आरं वा! मग च्या तरी पाजा!"

मारुतराव स्वयंपाकघरात शिरले. पहिल्या डब्यात हळद निघाली, दुसऱ्यात रवा, तिसऱ्यात मीठ. चाळीस वर्षं कारखान्याला ऊस घातलेल्या माणसाला घरातली साखर कुठं असते ते ठाऊक नव्हतं. बाहेरून जालिंदरनं विचारलं, "आबा, झाला का?" मारुतरावांनी घाईनं कस्तुराबाईंना फोन लावला.

पिठाच्या डब्यामागं रिंग वाजू लागली.