राजाभाऊंची शुगर आणि माझी आखाजी

सगळा घोटाळा मी मान हलवली म्हणून झाला. नव्या सुनेने तोंडाने फार बोलू नये, असं माझ्या मायने लग्नाआधी बजावलं होतं. मानही जपून हलवावी, हे सांगायचं ती विसरली.

प्रसंग जळगावातल्या जनावरांच्या दवाखान्यातला. टेबलावर आमचे राजाभाऊ. राजाभाऊ म्हणजे घरातला पिवळा, दांडगा बोका. सासूबाईंनी त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलेलं, त्यामुळे घरात त्याला थोरल्या मुलाचा मान. (माझे पती हितेंद्र धाकटे. स्थळ बघताना हे कोणी सांगितलं नव्हतं.) त्याच्याबद्दल बोलतानाही सगळे 'राजाभाऊ जेवले का', 'राजाभाऊ झोपले का' असंच बोलतात. तर हे राजाभाऊ काही दिवसांपासून माठाखालचं भांडं रिकामं होईपर्यंत पाणी पीत होते आणि तरी वाळत चालले होते.

डॉक्टरांचा हात आयुष्यभर म्हशींवर बसलेला. त्यांनी राजाभाऊंना भाजीच्या जुडीसारखं उचललं, रक्त तपासलं आणि म्हणाले, "डायबेटिस."

सासूबाई बाकावर मटकन बसल्या. "अहो पण तो गोड खातच नाही!"

"रोज दोन वेळा इन्सुलिन. जेवला की लगेच. आणि घरीच शुगर तपासायची, कानाच्या कडेला टोचून. कोण करणार?"

सासरे, म्हणजे आबा, भिंतीवरचा गाईंच्या लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचू लागले. हितेंद्रला तेवढ्यात फोन आला (वाजला मात्र नव्हता). सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. डॉक्टरांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. लग्न झाल्यापासून झोप झाली का, भाजी तिखट चालते का, बरं वाटतंय ना, या सगळ्याला मी मानच हलवत आले होते. त्या सवयीने ती हलली.

"सून गुणाची आहे," डॉक्टर म्हणाले आणि सुई माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून मी घरात सून उरले नाही, कंपाउंडर झाले. इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात, कैरीच्या लोणच्याशेजारी. सकाळी राजाभाऊंना जेवायला घालायचं, मग शोधायचं. पहिले दोन दिवस ते जिथल्या तिथे सापडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या बांगड्यांचा आवाज ओळखला. मी बांगड्या वर सरकवल्या, तर पैंजण ओळखले. शेवटी नवी नवरी अनवाणी, बिनआवाजाची, हातात टॉवेल घेऊन कूलरच्या मागे दबा धरून बसलेली, असं चित्र शेजारच्या कुसुमलताभाभींनी खिडकीतून पाहिलं.

"कामिनी, बेटा, घरात सगळं ठीक आहे ना?"

मी मान हलवली. भाभींनी माझ्या हातांवरचे ओरखडे पाहिले, मग हितेंद्रकडे पाहिलं आणि पुढे आठवडाभर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

टोचणं सोपं असतं असं कोणाला वाटत असेल, तर सांगते. बोक्याच्या कानाच्या कडेला एक शीर असते. ती बारीक असते आणि कान सारखा हलतो. टोचलं की रक्ताचा एवढुसा थेंब येतो, तो पट्टीला लावायच्या आधी राजाभाऊ मान झटकतात आणि थेंब भिंतीवर जातो. आमच्या मधल्या खोलीची भिंत नुकतीच मोतिया रंगाने रंगवली होती. माझ्या लग्नासाठी.

आणि एवढं करून आकडा काय? तीनशे साठ. कधी तीनशे नव्वद. कधी चारशे.

"तुझा हात बसला की उतरेल," सासूबाई धीर द्यायच्या. माझा हात बसत होता. राजाभाऊ बसत नव्हते.

यातच आखाजी जवळ आली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, तुम्ही जिला अक्षय्य तृतीया म्हणता ती आमच्याकडे सोनं घेऊन संपत नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरच्या मांड्यांबरोबर आमरस ओरपतात. आणि लग्नानंतरची पहिली आखाजी तर माहेरीच व्हायला हवी. शिंदखेड्याच्या आमच्या गल्लीत एखादी पोर पहिल्या आखाजीला आली नाही, की लोक आधी तिच्या सासरची चौकशी करतात आणि मग तिच्या आईच्या तोंडाकडे बघतात.

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री स्वप्नात झोका दिसायचा. (झोक्यावर राजाभाऊ बसलेले असायचे.)

"जा की," हितेंद्र म्हणाला. "मी शिकतो. त्यात काय एवढं?"

हितेंद्रचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. शेतकऱ्यांना दिवसभर 'थेंब थेंब द्या' म्हणून समजावणारा हा माणूस राजाभाऊंच्या कानावरचा एक थेंब पाहून पलंगावर आडवा झाला. मी एका हाताने बोका धरला आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याला कांदा हुंगवला.

मग त्यानेच युक्ती काढली. आधी केळ्यावर सराव करायचा. जळगावात दुसरं काही कमी असेल, केळी नाही. शेतातून आलेला अख्खा घड स्वयंपाकघरात होता. दुपारी मी आणि सासूबाई गच्चीवर कुरडया घालायला गेलो, तेव्हा हितेंद्रने पाच-सहा केळी ताटलीत घेतली आणि टोच-टोच टोचली. साध्या पाण्याने नव्हे. "पाण्याने अंदाज येत नाही," असं त्याने नंतर स्पष्टीकरण दिलं. खऱ्या इन्सुलिनने. आणि मी खाली आले की कौतुक करीन, म्हणून ताटली मधल्या खोलीत ठेवून तो आंघोळीला गेला.

आम्ही खाली आलो तेव्हा ताटलीत साली होत्या आणि आबांच्या हातात शेवटचं केळं होतं.

"आबा, ही केळी..."

"गोड शेत," आबा म्हणाले, म्हणजे गोड आहेत.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलेला हितेंद्र जागीच पांढरा पडला. "आबा! त्यात राजाभाऊंचं इन्सुलिन होतं!"

सासूबाईंच्या हातातलं पीठ थेट जमिनीवर. यानंतर जे झालं त्याला मी कोणालाच दोष देत नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन जास्त झालं तर काय करायचं, ते आम्हाला घोकून घ्यायला लावलं होतं आणि आम्ही घोकलंही होतं: हिरड्यांना गुळाचं पाणी चोळा, टॉवेलात धरा, कान टोचून तपासा, मला फोन करा. हे सगळं चार किलोच्या प्राण्यासाठी होतं, एवढंच त्या घाईत सुटलं.

सासूबाईंनी गूळ कालवला आणि आबांचं तोंड उघडून हिरड्यांना चोळायला लागल्या. हितेंद्रने राजाभाऊंचा टॉवेल आणून त्यांच्या खांद्याभोवती आवळला. राहिले मी. आबांचं बोट समोर होतं, चांगलं जाड, शेतकऱ्याचं. पण माझा हात सवयीने कानाकडे गेला.

"अवं पोरी, कान काबर?" आबा ओरडले, पण तोवर टोचलं होतं. त्यांनी मान झटकली नाही, एवढा मोठेपणा दाखवला.

हितेंद्रने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "डॉक्टर, इन्सुलिन जास्त गेलंय!"

"घाबरू नका. जागे आहेत का?"

"जागे आहेत. रागावलेत."

"रागावणारच. टॉवेलात धरलंय?"

"घट्ट."

"गूळ?"

"हिची सासू, म्हणजे माझी आई चोळतेय. कानही टोचला."

"शाब्बास. आकडा?"

"तीनशे दहा."

"मग उतरली कुठे? ही तर चढलीय. किती गेलं नक्की? आणि आताचं वजन सांगा."

"बहात्तर किलो."

पलीकडे बराच वेळ फक्त एक म्हैस हंबरल्याचा आवाज आला.

"हितेंद्र," डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही कोणाबद्दल बोलताय?"

खाल्लेलं इन्सुलिन पोटात पचून जातं, त्याने काही होत नाही, म्हणून तर सुई लागते, हे त्यांनी फार शांतपणे समजावलं. नंतर म्हणाले, "पण वडिलांची शुगर खरंच तीनशे दहा असेल, तर त्यांना माणसांच्या डॉक्टरकडे न्या."

नेलं. आबांनाही डायबेटिस निघाला. गोळ्या, पथ्य, रोज चालणं. आबांनी पूर्ण विचार करून निदान केलं, "हाई बठ्ठं त्या मांजरनं शे!" म्हणजे हे सगळं त्या मांजराचंच.

तर आता घरात दोन पेशंट झाले. एक दुधावरच्या सायीसाठी रुसलेला, दुसरा केळ्यासाठी. आणि दोघेही मला पाहिलं की खोली बदलायचे. सासूबाईंनी फ्रिजकडे पाहून एक सुस्कारा टाकला. मी आखाजीची साडी बॅगेतून काढून परत कपाटात ठेवली आणि फ्रिज उघडून, लोणचं शोधायच्या निमित्ताने, थोडं रडून घेतलं. गारव्यात रडायला बरं वाटतं.

दोन दिवसांवर आखाजी असताना माझा भाऊ तेजस मुराळी म्हणून न्यायला आला. मुराळी म्हणजे माहेरचं बोलावणं, हाडामासाचं. तो पाणी प्यायला, चहा प्यायला आणि माझ्या ओरखड्यांकडे बघत गप्प बसला. मीही गप्प. आम्ही दोघं एकाच मायचे.

सासूबाई आतून आल्या. माझी बॅग त्यांनी स्वतःच भरली होती.

"माझ्या पहिल्या आखाजीला म्हैस व्यायची होती," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "सासूने पाठवलं नाही. माझा भाऊ दारातून परत पारोळ्याला गेला. म्हैस तरी दूध द्यायची. मांजरासाठी मी मुराळी रिकामा पाठवू? जाय तू. मी बोका धरते, हितू टोचेल. पडला तर पडला."

मी वाकून नमस्कार केला. मान हलवली नाही. "जाते," असं तोंडाने म्हणाले, लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने.

माहेरी झोका होता, आमरस होता, मैत्रिणी होत्या. माझं लक्ष फोनकडे. झोका वर गेला की रेंज जास्त मिळते, म्हणून मी उंच उंच झोके घेत होते. मैत्रिणींना वाटलं, केवढी खूश आहे! आता फोन येईल, मग येईल: हितेंद्र बेशुद्ध, राजाभाऊ फरार, आबा केळ्यासकट. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. इतके ओरखडे घेतलेल्या बाईवाचून घराचं थोडंफार अडायला नको?

फोन आलाच नाही. शेवटी मीच केला.

"जमतंय?"

"जमतंय की," हितेंद्र म्हणाला. मागे कोणीतरी घुरघुरत होतं. "आई जुन्या लुगड्यात घेऊन बसते. एका टोचण्यात थेंब येतो. आज दीडशे."

"दीडशे?" मला कधी तीनशेच्या खाली दिसला नव्हता आकडा. "यंत्र बिघडलं असेल."

"तसं वाटून दवाखान्यात नेलं. तिथेही दीडशे. डॉक्टरांनी डोस कमी केला. थांब, आई बोलते."

सासूबाईंचा आवाज मधासारखा. "कामिनी, कशी आहेस? मांडे खाल्ले का? हे बघ, डॉक्टर म्हणत होते, घाबरलं की मांजरांची शुगर चढते. घरात नवीन कोणी आलंय का म्हणून विचारत होते."

"मग?"

"आम्ही कोणीच काही बोललो नाही हो. तुझं नाव तर मुळीच घेतलं नाही. आबांनी घेतलं. त्यांचीही शुगर खाली आलीय. तर म्हटलं, पोर दमून गेलीय. रहा की अजून पंधरा दिवस. महिनाभर राहिलीस तरी आमची काही हरकत नाही."

मी फोन ठेवला. माय मांड्याचं पीठ हाताला तसंच ठेवून दारात उभी होती. आखाजी संपली की लेकी परत जातात. कोणी थांबली, तर गल्ली विचारते.

"राहाले कोन सांगस? सासू?"

मी पहिल्यांदा नाही म्हणून मान हलवली, मग हो म्हणून हलवली, आणि मग खरं ते सांगून टाकलं. मायने कपाळाला पिठाचा हात लावला आणि खाली बसली. सासूने परत पाठवलेल्या पोरी आमच्या गल्लीत याआधीही होत्या. बोक्याने पाठवलेली मी पहिलीच.