साचा जागेवर आहे

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सन २००७ मध्ये एक साचा विरघळला. महाविद्यालयात साचे हरवत, गंजत, क्वचित कोणाच्या घरी कुंड्या म्हणूनही सापडत. या सर्वांसाठी नियम होते. विरघळण्यासाठी नव्हता.

तिथे पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. तृप्ती गायधनी यांना दिल्लीहून एक संशोधन प्रकल्प मिळाला होता. केसाहून हजारपट बारीक अशा तांब्याच्या तारा तयार करायच्या आणि त्या कशाच्याही टेकूशिवाय, गव्हाच्या शेतासारख्या उभ्या ठेवायच्या. 'नॅनो' हा शब्द तेव्हा शहरात नवाच होता. पंचवटीत त्या नावाचं केशकर्तनालय मात्र आधीच निघालं होतं.

कृती सांगायला सोपी होती. ॲल्युमिनियम ऑक्साइडची नखाएवढी चकती परदेशातून मागवायची. तिला डोळ्यांना न दिसणारी असंख्य आरपार भोकं असतात. त्या भोकांत विजेच्या साहाय्याने तांबं भरायचं आणि मग चकती कॉस्टिक सोड्यात सोडायची. चकती विरघळते, आतल्या तारा उरतात. स्लॅब पक्का झाला की सेंटरिंग काढतात, त्यातलाच प्रकार. फक्त हे सेंटरिंग परत मिळत नाही.

सोपी कृती वर्षभर साधली नाही. तारा उभ्या राहायच्या आणि वाळताना एकमेकींच्या गळ्यात पडून आडव्या व्हायच्या. तोवरच्या चकत्या कंपनीने नमुना म्हणून फुकट पाठवलेल्या, त्यामुळे दप्तरी नव्हत्या. शेवटी २००७च्या फेब्रुवारीत, विकत घेतलेल्या पहिल्या चकतीनंतर, पुण्याच्या सूक्ष्मदर्शकातून काढलेली छायाचित्रं आली. तारा उभ्या होत्या, सगळ्या. तृप्तीने कॉरिडॉरमध्ये येऊन नवऱ्याला फोन लावला. किशोर अंबडच्या एका कारखान्यात लेथवर सुपरवायझर होता.

"उभ्या राहिल्या," ती म्हणाली.

मागे यंत्रं धडधडत होती आणि दिवस महापालिका निवडणुकीचे होते. किशोरने विचारलं, "कुठल्या वॉर्डातून?"

मार्चमध्ये भांडारपाल धनराज कापडणीस वार्षिक पडताळणीला आले. कापडणीस सटाण्याकडचे, सज्जन गृहस्थ. प्रत्येक खुर्चीला हात लावल्याशिवाय ती आहे असं मानत नसत. चकतीची नोंद 'साचे' या सदरात झाली होती. त्या सदरातल्या बाकीच्या वस्तू म्हणजे काँक्रीटचे ठोकळे पाडायचे लोखंडी डबे. नियमानुसार साच्याचं आयुष्य दहा वर्षं.

तृप्तीने त्यांना सोड्याची बाटली दाखवली. कापडणीसांनी ती उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली.

"यात साचा आहे?"

"होता. आता विरघळलाय. विरघळवायचाच असतो."

"कोणी विरघळवला?"

"मीच."

कापडणीसांचा चेहरा उतरला. ऑफिसातली प्रमाण भाषा त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती, ती सुटून अहिराणी आली. "मॅडम, मन्हा हातमा आते काय शे?" एवढं म्हणून ते प्राचार्यांकडे गेले.

चौकशी समिती नेमली गेली. समितीपुढे प्रश्न होता तो वर्गवारीचा. ही चोरी नव्हती, कारण चोर हजर होता. तूटफूट नव्हती, कारण तुकडे नव्हते. झीज म्हणावी, तर दहा वर्षांची झीज अर्ध्या तासात कशी झाली याचा खुलासा हवा होता. तूर्त बाटलीला लाख लावून ती सील करण्यात आली. मग समितीच्या एका सदस्याचं लक्ष तारांकडे गेलं. काचेच्या पट्टीवर एक काळपट लाल डाग, एवढंच त्यांचं साध्या डोळ्यांना दिसणारं रूप. ही वस्तू कधी खरेदी झाली, असं त्यांनी विचारलं. खरेदी झालेली नाही, इथेच तयार झाली, असं तृप्तीने सांगितल्यावर प्रकरण अधिकच बिघडलं. जी वस्तू दप्तरी आहे ती जागेवर नाही आणि जी जागेवर आहे ती दप्तरी नाही, असा दुहेरी ठपका आला. तृप्तीची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्याची फाइल चौकशी संपेपर्यंत थांबवण्यात आली.

एप्रिलमध्ये प्राचार्य सोनजे यांनी तिला बोलावलं. ते मूळचे सिव्हिलचे, मनाने उदार. त्यांनी तिचा प्रकल्प खरोखरच वाचला होता आणि तोडगाही काढला होता.

"यात दोन वस्तू आहेत," ते म्हणाले. "एक विरघळवायची, दुसरी ठेवायची. बरोबर?"

"बरोबर, सर."

"मग तारा विरघळवा. साचा ठेवा."

सर थट्टा करत असतील, अशी तृप्तीला आशा होती. "सर, मग हातात काय उरेल?"

"साचा. ज्याची नोंद आहे."

घरी आल्यावर तिने हे किशोरला सांगितलं. तो हसला नाही. कारखान्यात आपण महिनाभर राबून केलेला जॉब मालकाने मोडीत काढला आणि त्याचं रंगवलेलं खोकं तेवढं जपून ठेवलं, असं आपण पाहिलंय, तो म्हणाला. एकदा कायम हो, मग हव्या तेवढ्या तारा उभ्या कर, असा त्याचा सल्ला पडला. सल्ला शहाणपणाचा होता. तृप्तीला तो पटला, आणि पटला याचंच तिला रात्रभर वाईट वाटलं.

नमुन्यांतली उरलेली चकती घेऊन तिने तारा वाढवल्या. हात आता बसला होता, त्यामुळे त्या पहिल्यांपेक्षा सरस झाल्या असाव्यात. बघायला मिळालं नाही. नायट्रिक आम्लात चकती सोडताच तपकिरी धूर निघाला, पाणी निळं झालं आणि चकती कोरी करकरीत बाहेर आली. कापडणीसांनी तिला हात लावला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. दप्तरी एक साचा होता, जागेवर एक साचा होता; चौकशी मिटली. पुढच्या महिन्यात तृप्ती कायम झाली.

दिवाळीनंतर दिल्लीची समिती आली. चकती मखमलीवर ठेवली होती. इतका वापर होऊनही साच्याला ओरखडा नाही, हे पाहून समिती प्रभावित झाली. इतर संस्थांनी शेकडो साचे नष्ट केल्याचं निदर्शनास आलं होतं. इथे काटकसर होती. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली आणि त्याचं नाव 'साचासंवर्धन' असं बदललं. मनमाडहून, धुळ्याहून प्राध्यापक पाहायला येऊ लागले. तारांबद्दल विचारणाऱ्यांना सोनजे सर समजावत, की तारा हा मधला टप्पा आहे. तृप्तीही हळूहळू तेच सांगू लागली. सांगताना सुरुवातीला तिची जीभ अडखळायची. मग नाही अडखळली.

पहिल्या तारांची काचपट्टी मात्र तिने कपाटात मागे ठेवली होती. फेब्रुवारीत विज्ञान दिनाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा ती पट्टी घेऊन तृप्ती कापडणीसांकडे गेली. कापडणीसांनी बराच विचार केला आणि 'किरकोळ सजावट' या सदराखाली ती मांडायला परवानगी दिली. तृप्तीने एका टेबलावर चकती ठेवली, शेजारच्या टेबलावर पट्टी आणि पुण्याची छायाचित्रं.

नाशिककरांनी गर्दी केली. चकतीपुढची रांग जिन्यापर्यंत गेली होती. आईवडील मुलांना उचलून चकती दाखवत होते, मोबाइलवर फोटो काढत होते. तृप्ती शेजारच्या टेबलापाशी उभी होती. तिथे कोणी थांबत नव्हतं.

दुपारी एक सुशिक्षित, नीटनेटके गृहस्थ थांबले. ते वाकले, त्यांनी पट्टी उचलली, चष्मा वर करून निरखली. तृप्ती आनंदाने सांगायला पुढे झाली.

"एवढं चांगलं प्रदर्शन," ते म्हणाले, "आणि काच कोणी पुसायची नाही?"

खिशातून स्वच्छ रुमाल काढून त्यांनी काच पुसली, टेबलावर ठेवली आणि ते चकतीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

तृप्तीने त्यांचं नाव विचारलं नाही, आणि चौकशी होण्याजोगं काही घडलंही नव्हतं. सजावटीची काच जागेवर होती. त्या दिवशी तुम्ही गंगापूर रोडला गेला होतात का, एवढं आठवून पाहा. रुमालावरचा तांबूस डाग धुऊन निघतो.