नाल्यापलीकडचे कावळे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी करणसिंगाने नेहमीप्रमाणे भाकरीचा पहिला तुकडा कावळ्यांना फेकला, तेव्हा दुपारपर्यंत आपण सगळ्या वस्तीला उपाशी बसवणार आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सारंगखेड्यात उंदीर पडायला लागले आणि प्लेगच्या धाकाने अख्खं गाव उठून शिवारात आलं. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या झोपड्या उभ्या राहिल्या, चुली मांडल्या गेल्या आणि पाटलाने सगळ्यांना एकच नियम घालून दिला. जो साथीच्या गावी जाऊन येईल त्याने ठरलेले दिवस नाल्यापलीकडे एकट्याने राहायचं. त्याला जो शिवेल, त्यानेही तिथेच जायचं. नियम ऐकून सर्वांनी माना डोलावल्या. त्यात सगळ्यात जोरात मान डोलावली ती करणसिंगाने, आणि मग दोनच दिवसांनी तो साथ असलेल्या नंदुरबारला जाऊन आला.

जाणं भाग होतं. लेक फुलवंता लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी यायची होती, आणि बापाच्या हातचं लुगडं मिळाल्याशिवाय लेकीची आखाजी कसली? फुलवंताची आई असती तर तिने चार महिने आधीच घेऊन ठेवलं असतं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि करणसिंगाला ह्या गोष्टी नेहमी आयत्या वेळी आठवायच्या. त्याने नंदुरबारात अंजिरी रंगाचं लुगडं घेतलं, खुशीत परत आला, आणि लुगड्यासकट नाल्यापलीकडच्या मळ्यातल्या खोपीत जाऊन पडला. पाटील म्हणाला, कापडालाही रोज ऊन दाखवायला हवं. तेव्हापासून ते लुगडं खोपीसमोर दोरीवर वाळत होतं आणि करणसिंग त्याच्याशेजारी.

उन्हाळ्यात नाला कोरडा. त्याच्या मधोमध एक सपाट दगड होता. मुलगा करमसिंग आणि सून धनुबाई अलीकडच्या झोपडीत राहत. धनुबाई रोज दगडावर भाकर-कालवण ठेवायची आणि काठावर परत जायची. मग करणसिंग उतरायचा. माणसाचा संबंध एवढाच. बाकी सगळा दिवस तो, मळा आणि डोक्यावर तापलेलं आभाळ. घरात असताना नातवंडांच्या गोंगाटावर तो दिवसभर खेकसायचा. आता त्याच गोंगाटाकडे कान लावून बसायचा.

अशात एक कावळा आला. करणसिंगाने त्याला भाकरीचा कुटका टाकला आणि त्याच्याशी घरच्या घोडीच्या खुराबद्दल बोलत बसला. कावळ्याने सगळं मन लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो भाऊबंद घेऊन आला. त्यांत एक थोराड कावळा होता. तो सगळ्यांत आधी खायचा, सगळ्यांत जास्त खायचा, आणि खाऊन झाल्यावर मान वाकडी करून असं बघायचा, की जणू मानपानात काही कमी पडलं आहे. करणसिंगाने त्याचं नाव व्याही ठेवलं.

फुलवंता आली. लोणखेड्यात साथ शिरली नव्हती, म्हणून करमसिंगाने तिला तिथून आणलं, आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सासरची गाडी तिला न्यायला येणार होती. ती नाल्याच्या अलीकडे उभी राहिली, तो पलीकडे.

"आबा, जेवनात का?" तिने ओरडून विचारलं.

"हाव, जेवनू! तू बरी शे ना?"

"बरी शे!"

झालं. यापुढे काय बोलणार? करणसिंगाला लेकीला एकच गोष्ट विचारायची होती. पोरी, सासरी तुझं खरंच बरं चाललंय ना? पण हा प्रश्न कोणी ओरडून विचारतं का? हा चुलीपाशी बसून, दुसरंच काहीतरी बोलता बोलता, खालच्या आवाजात विचारायचा प्रश्न. इथे तो विचारला असता तर सगळ्या झोपड्यांनी ऐकला असता, आणि उत्तरही "बरी शे" हेच आलं असतं. लेक थोडी वाळल्यासारखी त्याला वाटली. पण एवढ्या लांबून काय कळतंय? त्याचे डोळे तरी कुठे धड होते.

आखाजीचा दिवस उजाडला. अलीकडे पुरणपोळ्यांचा घमघमाट सुटला, आमरसाचं पातेलं भरलं. पितरांची घागर पुजून झाली. फुलवंताच्या आईच्या नावाने घास काढून करमसिंगाने तो झोपडीच्या छपरावर ठेवला आणि हाक दिली, "काव! काव!"

कावळा आला नाही.

पुन्हा हाक झाली. पोरांनी हाका मारल्या, शेजाऱ्यांनी मारल्या. आभाळ कोरं करकरीत. पितराचा घास कावळ्याने उचलल्याशिवाय घरात कोणी तोंडात काही घालायचं नाही ही रीत. पोरं आमरसाच्या पातेल्याभोवती घिरट्या घालू लागली. शेवटी रुक्मिणीबाईला बोलावणं गेलं. पितरांना काय आवडतं आणि काय खुपतं हे सगळ्या वस्तीत तिच्याइतकं कोणालाच कळत नसे, निदान तिचं तसं म्हणणं होतं.

तिने छपराकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "काहीतरी मनमा ऱ्हायनं व्हई तिन्हा. कबूल करा, म्हणजे यी कावळा."

करमसिंग हात जोडून उभा राहिला. "माय, घोडी इकावं नही. आते ये!"

घोडी विकायचं ठरलंय हे बापाला माहीतच नव्हतं. नाल्यापलीकडे करणसिंग ताडकन उठून बसला.

कावळा आला नाही. रुक्मिणीबाईने धनुबाईच्या पायांकडे रोखून पाहिलं. तिथे सासूचे चांदीचे तोडे होते. करमसिंगाने बायकोची नजर चुकवत म्हटलं, "माय, तुन्हा तोडा फुलवंताले देसू."

"माले नको!" फुलवंता म्हणाली.

"तू गप बठ," रुक्मिणीबाई म्हणाली. "तुले नही, तुन्ही मायले इचारी ऱ्हायनूत."

तरीही कावळा नाही. तोडे जातायत म्हटल्यावर धनुबाईला एकदम रडू फुटलं. ती छपरापुढे पदर पसरून म्हणाली, "सासूबाई, लोणचानी बरनी मीच फोडी व्हती! मांजरवर नाव टाकं मी! माफ करा!"

वस्तीला इतकी करमणूक प्लेग सुरू झाल्यापासून मिळाली नव्हती. आपापल्या छपरांवरचे घासही तसेच पडून होते, म्हणून लोक इथे बघायला आले होते. पण आता भुकेची कोणालाच आठवण राहिली नव्हती. अजून काय काय निघतंय ते ऐकायचं होतं.

इकडे करणसिंग घामाने निथळत होता, कारण कावळे कुठे आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळेच्या सगळे त्याच्या खोपीच्या छपरावर रांगेने बसले होते आणि दुपारच्या भाकरीची वाट बघत होते. ती भाकर येत नव्हती, कारण वस्तीत कावळा घास उचलत नव्हता. वस्तीत कावळा जात नव्हता, कारण इथली भाकर आली नव्हती. हा गुंता आता त्याच्या ध्यानात आला. ओरडून सांगावं तर काय सांगावं? की एकटेपणा सोसवेना म्हणून गावचे कावळे मी फितवले? सगळ्या वस्तीसमोर?

त्याने टाळ्या वाजवल्या. कावळे खाली उतरून त्याच्याजवळ आले. त्याने ढेकूळ उचलून भिरकावलं. आजवर त्या हातातून भाकरच आली होती, त्यामुळे कावळ्यांनी आनंदाने ढेकळावर झडप घातली. तो उपरणं फिरवत मळाभर धावू लागला. कावळे त्याच्या डोक्याभोवती काव काव करत फिरू लागले.

"जाय ना रे व्याही!" तो ओरडत होता. "हाऊ काय हावरटपणा! तठे पुरणपोळी शे, आठे काय ठेवेल शे!"

अलीकडून दिसत होतं ते एवढंच. म्हातारा भर उन्हात हातवारे करत पळतोय आणि लेकीच्या सासऱ्याचा उद्धार करतोय. पाटील तिथेच उभा होता. तो पांढराफटक पडला.

"ताप चढना त्याले! डोकं फिरनं! कोनी बी जवळ जावानं नही!"

बघता बघता गर्दी मागे सरकली. पोरांना झोपड्यांत कोंडलं गेलं. रुक्मिणीबाई पितरांविषयीचं सगळं ज्ञान गुंडाळून सर्वांत आधी पळाली. धनुबाई रडतच होती, ती आता दुसऱ्या कारणाने रडू लागली. काही जणांनी तर आणखी लांब सरकायला हवं म्हणून झोपड्यांच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

फुलवंता मात्र जागची हलली नाही. ती कपाळावर हात धरून बापाकडे बघत होती, आणि बघता बघता तिने पदर तोंडात धरला. ती हसत होती. मग तिने हाक दिली.

"आबा! भाकर शे का थोडी?"

"एक कुटका शे!"

"फेकू नका! हातमा धरीसन आठे या!"

 करणसिंगाने खोपीत जाऊन सकाळचा राखलेला तुकडा घेतला, हात उंच धरला आणि तो नाल्याकडे चालू लागला. मागून कावळ्यांची वरात निघाली. सर्वांत पुढे व्याही.

"थांबाड त्याले!" पाटील एका झोपडीआडून ओरडला. पण थांबवायचं म्हणजे जवळ जायला हवं, आणि जवळ जावानं नही हा हुकूम त्याचाच होता.

करणसिंग नाल्यात उतरून दगडापाशी थांबला. त्याने नेम धरून तुकडा छपरावर फेकला. कावळे झेपावले. व्याह्याने छपरावरची पुरणपोळी पाहिली, वाळका तुकडा पायाने बाजूला सारला आणि घास उचलला; बाकीचे शेजारच्या छपरांवरच्या घासांवर उतरले.

"शिवना! कावळा शिवना!" करमसिंग ओरडला. वस्तीत हलकल्लोळ झाला, आमरसाच्या पातेल्यावर पोरं तुटून पडली. घोडी वाचली आणि तोडे गेले, तरी बरणीचं काय करायचं हे कोणालाच ठरवता येईना.

करणसिंग परत वळला. त्याचं काम झालं होतं. इतक्यात मागे पावलं वाजली. फुलवंता नाल्यात उतरत होती.

"लांब सर, पोरी," तो घाबरून म्हणाला. "नियम शे."

ती सरळ आली, वाकली आणि दोन्ही हातांनी तिने त्याचे पाय धरले.

"ए! शिवनी! शिवनी ती त्याले!" पाटील किंचाळला.

फुलवंता शांतपणे उभी राहिली. "आखाजीले बापना पाय बी पडू नको का? आते नियम शे तर नियम शे. माले बी नालापलीकडे धाडा."

पाटलाने चिडून दोघांनाही पलीकडे धाडलं. करणसिंगाचे सरत आलेले दिवसही लेकीबरोबर नव्याने मोजायचा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी लोणखेड्याची गाडी आली ती पाटलाने वेशीवरूनच रिकामी परत पाठवली. गाडीवानाने कुरकूर केली, पण प्लेगचं नाव ऐकताच बैल वळवायला त्याला फार वेळ लागला नाही.

आखाजीचं जेवण त्या दोघांनी संध्याकाळी खोपीसमोर केलं. दगडावर दोन ताटं आली होती. फुलवंताने नवं लुगडं नेसलं होतं. इतके दिवस एकाच अंगाने ऊन खाऊन ते अर्धं अंजिरी आणि अर्धं मातकट झालं होतं. करणसिंगाला शरम वाटली, पण तिने पदर चापून चोपून खोचला होता. छपरावर एकही कावळा नव्हता. पुरणपोळीची चव लागल्यापासून सगळे करमसिंगाच्या झोपडीवर मुक्कामाला गेले होते आणि धनुबाई त्यांना हुसकताना इथवर ऐकू येत होती.

करणसिंगाने घोडीविषयी काढलं, मग आंब्यांविषयी काढलं, आणि मग ताटाकडे बघत खालच्या आवाजात विचारलं, "बाई, सासरले बरं शे ना तुन्हं?"

"बरं शे, आबा. सगळा चांगला शेतस."



"पन तुले कसं समजनं?" त्याने विचारलं. "कावळा मन्हामांगे येतीन म्हनीसन?"

फुलवंताने पोळीचा तुकडा मोडला. तो तिने खाल्ला नाही, नुसता बोटांत फिरवत राहिली.

"तठे बी, आबा," ती म्हणाली, "मी रोज सकायमा कावळासले भाकर टाकस."

करणसिंगाने आपल्या ताटातली पोळी उचलून तिच्या ताटात ठेवली.