बाधितांस कळविण्यात येते की

दवनीवाड्याच्या केशोरावांचे वधू-वर सूचक केंद्र कायद्याने चालत असे, आणि कायद्यानेच ते बंद पडायची वेळ आली. कोणा दूरच्या चोराने संगणकातून सगळ्या स्थळांची माहिती उपसून नेली होती. आता प्रत्येक बाधिताला, आपले काय फुटले, ते विनाविलंब आणि सोप्या भाषेत कळवणे बंधनकारक होते. नाहीतर केंद्राला कुलूप.

केशोरावांनी फोन लावले. "तुमची माहिती चोरीला गेली," एवढे ऐकताच लोक त्यांनाच चोर समजून फोन ठेवत. मग त्यांनी पत्रे धाडली. पण केंद्राचे पत्र म्हणजे स्थळ जुळले, ही गावाची पक्की समजूत. पाकीट न फोडताच दुधरामने वाजंत्री ठरवली, चंचलच्या आईने पोहे भिजवले.

शेवटी उरला पुनारामचा भोंगेवाला ऑटो. केशोराव स्वतः शेजारी बसले. चौकात पुनाराम वाचू लागला, "दुधराम. लिवलेली उमर तेहतीस, खरी एकेचाळीस. चंचल. पोरगा नापसंत. कारण, तो मायले विचारून हसते."

चोराला मराठी येत होती की नाही, कोण जाणे. गावाला उत्तम येत होती. लोक धानाच्या बांधीतली कामे टाकून आले. आपले नाव आले की माणूस कायद्याच्या नावाने बोटे मोडी, आणि पुढच्या नावाला कान टवकारी.

तेवढ्यात केशोरावांची नजर यादीतल्या पुढच्या नावावर गेली. विधुर असल्याने त्यांनी आपल्याच केंद्रात गुपचूप नाव घातले होते. पुढचे नाव सोड, असे ते पुटपुटले.

"कायले सोडू?" पुनाराम म्हणाला. "कायदा सगळ्याइले सारखा, सकाळपासून तुमीच सांगून राहिले." आणि त्याने वाचले, "केशोराव. पसंती, शिलाईवाली नंदाबाई. विचारलं काय? नाही. कारण, हिंमत नाही."

समोरचे शिलाई मशीन थांबले आणि नंदाबाई दारात आल्या.

"नाव तं माझंबी फुटलं," त्या म्हणाल्या. "मंग मले काऊन नाही कळवलं? विनाविलंब कळवा म्हणते ना तुमचा कायदा?"

केशोरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा गोपनीयता पाळली. भोंग्याची वायर उपटली, दारापर्यंत गेले आणि हळू आवाजात कळवले.

काय कळवले, ते सांगायला दोघांची संमती लागते. तशी ती आधीच्यांचीही लागत होती. पण तेव्हा, वाचकहो, आपण कुठे विचारलेत?