खर्ड्याकडचा दोरा

नामदेव गुरुजी नव्या माणसाला नाव विचारत नसत. "सासुरवाडी कुठली?" हाच पहिला प्रश्न! पारनेरच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी ते खोकल्याचं औषध न्यायला आले होते. "खर्डा," मी म्हणालो आणि गुरुजी खोकायचंच विसरले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मला त्यांच्या घरी चहा, तोही दुप्पट साखरेचा.

त्यांची भिंत पाहून मी हबकलोच. खिळेच खिळे! एकेक खिळा म्हणजे एकेक माणूस, आणि मधून दोरे. पांढरा मायेचा, लाल भांडणाचा. "मानूस एकटा इचार करीतच न्हाई, कंपाउंडर. चार घरची मानसं त्याच्या डोक्यात बसून बोलत्यात. दोरा वढून बगायचा!"

कोपऱ्यातल्या एकाच खिळ्याला दोरा नव्हता. ती त्यांची लेक सुमन. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, गुरुजींनी दार लावून घेतलं. सहा वर्षं अबोला. तिचं नाव गुरुजींसमोर काढायची कुणाची टाप नव्हती.

दुष्काळात वरच्या आळीच्या बाबूरावांनी आमच्या आळीला आपली विहीर बंद केली. सरपंचांनी हात जोडले तरी गडी हलेना. गुरुजींनी तासभर दोरे चाचपले आणि एकदम ओरडले, "इहीनबाई!" बाबूरावांची लेक शेजारच्या गावात दिलेली, आणि तिथं बांगड्या भरायला जाणारी कासारीण आमच्या आळीतली. गुरुजींनी तिच्या कानात सांगितलं. चौथ्या दिवशी विहीणबाई बैलगाडीतून हजर! ओट्यावर बसून गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या हिरीवरनं बायांना माघारी धाडत्यात म्हनं. खोटं आसंल न्हाई का?" बाबूरावांची लेक विहिणीच्याच घरात नांदणारी! दुपारी रहाट फिरला.

मी पळतच गुरुजींकडे गेलो. "जमलं, गुरुजी!"

"बाबूरावाचं जमलं," ते हळूच म्हणाले.

तेव्हा मला भिंतीवर माझा खिळा दिसला. त्याचा पांढरा दोरा बायकोकडे, तिथून खर्ड्याला सासूबाईंकडे, आणि पुढं सुमनच्या खिळ्यापाशी नुसताच लोंबत होता.

"तुमच्या सासूबाई आन सुमन एकाच आडावर पानी भरत्यात," गुरुजी म्हणाले. "दोन वर्सं तुमाला च्या पाजतोय, पन तोंड उगडंना. एवढंच इचारायचं हुतं, मी गेलो तर ती दार उगडंल का?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी खर्ड्याची एसटी धरली. सासूबाईंनी मला सुमनच्या दारापर्यंत नेलं. कडी वाजवली, दार उघडलं.

"मी पारनेरहून आलोय," मी म्हणालो.

सुमननं मला नाव विचारलं नाही. "अप्पांचा खोकला कसा हाय?" तिनं विचारलं.