क्लच सुटता सुटेना

"दहा मिनिटांचं काम आहे!" रविवारी सकाळी उल्हास टेंबे म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला आत्मविश्वास ऐकून केतकीनं कपाळाला हात लावला.

केतकी त्याची बायको. रेशमी साडी नेसून दारात उभी. खाली मंडळाच्या बायकांची गाडी हॉर्न वाजवत होती. अकरा वाजता इंदिरानगरमध्ये तिचं गाणं होतं, आयुष्यातलं पहिलं एकटीचं! साथीला येणाऱ्या गृहस्थांची पेटी दुरुस्तीला गेली होती, म्हणून घरची पेटी न्यायची होती. पण गाडीत पाच बायका, दोन तानपुरे आणि तीन डबे आधीच बसले होते. पेटी उल्हासनं आणायची ठरलं.

"रिक्षानं आण," केतकी म्हणाली. "रिक्षानं! ऐकलंस ना?"

"रिक्षा? घरात मोटरसायकल असताना?"

"त्या मोटरसायकलला आज हात लावू नकोस. हात जोडते."

पण ते शक्यच नव्हतं, कारण आदल्या दिवशी नव्या लिव्हर आल्या होत्या! काळ्याकुळकुळीत, आखूड, रुबाबदार. शिवाय प्रत्येकीच्या बुडाशी एकपासून सहापर्यंत आकडे कोरलेलं लाल चाक. उल्हास सरकारी संशोधन संस्थेत विमानांच्या केबली जुळवायचा. अठरा वर्षं! अशा माणसाला मोटरसायकलची क्लच केबल म्हणजे पायजम्याची नाडी.

केतकी गेली. उल्हास व्हर्नियर कॅलिपर घेऊन खाली उतरला.

जुनी लिव्हर निघाली, नवी बसली, केबलही अडकली. खालच्या मजल्यावरचे घरमालक आप्पाजी खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांचं घराणं तीन पिढ्या राजाजीनगरात, त्यामुळे मराठी बोलता बोलता ते कधी कानडीत शिरत ते त्यांनाही कळत नसे.

उल्हासनं लाल चाक तीनवर ठेवलं, क्लच दाबला, गिअर टाकला, बटण दाबलं. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली.

"केबल स्वल्प सैल झालीय की हो, उल्हासराव."

"आप्पाजी, यात शास्त्र असतं."

"सरी, बरं," म्हणत आप्पाजींनी पेपर वर धरला.

चाक चारवर. उडी. पाचवर. उडी. सहावर गेलं, परत एकवर आलं. प्रत्येक वेळी उल्हास कॅलिपर लावून वहीत आकडे लिहीत होता. वही भरत आली, पण क्लच दाबला तरी न दाबल्यासारखाच! बॅटरीचा आवाज आधी वाघासारखा होता, मग शेळीसारखा झाला, मग आजारी डासासारखा. शेवटी नुसतं 'टक्'.

दहा वाजून गेले होते.

"रिक्षा बोलावू का?" आप्पाजींनी विचारलं.

"धक्का मारा!" उल्हास ओरडला. "उतारावर सुरू होईल. एक फेरी मारली की केबल आपोआप बसेल."

हेल्मेट चढवून तो बसला. पंच्याहत्तरीच्या आप्पाजींनी 'गणपा, गणपा' म्हणत धक्का मारला. गाडी उतारावरून सुटली, उल्हासनं लाथेनं दुसरा गिअर हाणला आणि इंजिन गुरगुरत जिवंत झालं! उल्हासनं विजयी मुद्रेनं हात हलवला. मग थांबायला म्हणून क्लच दाबला. गाडी चालतच राहिली.

आता मोठाच पेच आला. ब्रेक मारला की इंजिन बंद. बंद पडलं की गाडी चढावर ढकलायची, आणि आप्पाजी तर एका धक्क्यातच खुर्चीत कोसळले होते. न्यूट्रल शोधायला जावं तर ते सापडेना. हल्लीच्या गाड्यांना किकही नसते. थांबायचं नाही, हा एकच मार्ग होता! समोरच्या बागेला फेरी मारत राहायचं आणि चालत्या गाडीवरच पेटी घ्यायची.

"आप्पाजी, पेटी!" घरासमोरून जाताना तो ओरडला.

पुढच्या फेरीला आप्पाजी फाटकात हजर. हातात हत्यारांची पेटी!

"ही नाही! वाजवायची! वाजवायची!"

तिसऱ्या फेरीला आप्पाजींच्या पत्नी सावित्रीबाई देवघरातली घंटा घेऊन उभ्या होत्या. चालत्या गाडीवर ती देता येईना, म्हणून त्यांनी स्वतःच वाजवायला सुरुवात केली. घण घण घण!

बागेच्याच कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे. एक माणूस गंभीर चेहऱ्यानं त्याला मोटरसायकलवरून फेऱ्या घालतोय आणि एक बाई घंटा वाजवतेय, हे पाहून देवळातून बाहेर पडणारी मंडळी थबकली.

"नवस काय हो?" कुणीतरी विचारलं.

"संकट मोठं असणार," सावित्रीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आज सकाळपासून घामानं निथळतोय बिचारा."

चौथ्या फेरीला उल्हासच्या मागे दोन स्कूटर होत्या. सहाव्या फेरीला नऊ! दर्शन झालंच आहे, तर चार प्रदक्षिणाही होऊन जाऊ देत, असा प्रत्येकाचा हिशेब. उल्हास मागे वळून ओरडत होता, "जा हो, जा!" हेल्मेटमधून त्यांना 'जय हो' ऐकू येत होतं. तेही 'जय हो' म्हणत होते.

तेवढ्यात संतोषकुमार आला. तो त्या भागातला उगवता पुढारी. मोर्चा दिसला की आधी सामील व्हायचं आणि कशासाठी ते मागाहून विचारायचं, असा त्याचा शिरस्ता. तो स्कूटरवर हात वर करून गर्जला, "एनु बेकु?" काय पाहिजे?

"न्याय बेकु!" सवयीनंच सगळे ओरडले.

उल्हासच्या पायाखालचा ब्रेकसुद्धा थरथरला. सरकारी नोकर मोर्चाच्या अग्रभागी! नोकरीचे नियम त्याला पाठ होते. त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली, मान खाली घातली आणि पुढाऱ्यापासून पळावं म्हणून वेग वाढवला. मोर्चानंही वेग वाढवला.

इकडे कट्ट्यावर विसरलेला त्याचा फोन वाजला. आप्पाजींनी उचलला.

"उल्हास निघाला का?" केतकीनं विचारलं.

"कधीचाच निघालाय. येतोय, जातोय, येतोय, जातोय. मागं वीस-पंचवीस गाड्या आहेत."

"कशाला?"

"न्यायासाठी म्हणे."

 पलीकडून फोन बंद झाला.

अकराव्या फेरीला संतोषकुमारनं उल्हासला गाठलं आणि चालत्या गाडीवर त्याला झेंडूचा भलामोठा हार घातला. हार हेल्मेटवर अडकला, डोळ्यांपुढे सगळं केशरी झालं. उल्हासनं दोन्ही ब्रेक कचकन दाबले. इंजिन आचका देऊन मेलं. मागे पंचवीस गाड्या थांबल्या.

"भाषण!" संतोषकुमार म्हणाला.

उल्हासला अठरा वर्षांत कानडीचे चारच शब्द आले होते. दम लागल्यामुळे त्यातला एकच आठवला. तो हार बाजूला सारून कळवळून ओरडला, "पेटी! पेटी बेकु!"

 संतोषकुमारचा चेहरा उजळला. "तक्रारपेटी! बरोबर! प्रत्येक रस्त्यावर तक्रारपेटी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढी साधी, मुद्देसूद मागणी त्या भागात कुणी कधी केली नव्हती.

टाळ्या ऐकून पोलीस आले. मेघाश्री नावाची तिशीतली फौजदार, स्वतः बुलेटवर. "परवानगी आहे का? पुढारी कोण?"

पंचवीस बोटं उल्हासकडे वळली.

"मॅडम, मोर्चा नाही हो," उल्हास हिंदीत रडवेला झाला. "क्लच सुटत नाही!"

तिनं हातमोजा काढला, लिव्हर दोनदा दाबून पाहिली. मग लाल चाकाकडे बघून विचारलं, "हे कितीदा फिरवलंत?"

"चाळीसेक वेळा. नोंद आहे माझ्याकडे."

"सर, या चाकानं लिव्हर बोटांपासून लांब किंवा जवळ येते. केबलशी याचा काही संबंध नाही. केबलचं हे." तिनं केबलच्या टोकाची पितळी नळी चिमटीत धरून चार आटे फिरवले, नट घट्ट केला आणि मोजा पुन्हा चढवला. "सगळ्यांनी घरी जा. सर, तुम्ही कुठं काम करता?"

"क्लार्क आहे," विमानांचा इंजिनिअर म्हणाला.

क्लच सुटला, पण बॅटरी मेलेलीच होती; साडेअकराला तो पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसला. इंदिरानगरला पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. लोक सभागृहातून बाहेर पडत होते. गर्दीत केतकी दिसली. उल्हास पेटीच्या आड तोंड लपवून पुढे झाला.

"केतकी, ऐक. मी सगळं सांगतो..."

"काही सांगू नकोस!" तिचे डोळे चमकत होते. "पेटी नव्हती, म्हणून नुसत्या तानपुऱ्यावर गायले. ते गृहस्थ पेटीवर माझा आवाज नेहमी झाकून टाकतात. आज पहिल्यांदा माझं गाणं लोकांना ऐकू आलं! दोन आमंत्रणं आलीत, उल्हास!"

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. इतक्या प्रेमानं तिनं त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. उल्हासची मान हळूहळू ताठ झाली.

"तसं मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"पुढचं गाणं चौदा तारखेला आहे," पर्स सावरत केतकी म्हणाली. "त्या दिवशी सकाळी ब्रेक उघडून बस."